अकरा दिवसांची नोंद

अंधेरी (पूर्व)
८ डिसेंबर २०२४

चि. जान्हवी,

आशीर्वाद. तुझं निमंत्रण पोचलं. गुडघे सोडले तर माझी प्रकृती ठीक आहे. केंद्र चालू आहे, सध्या चौदा मुलं येतात. घरच्यांना नमस्कार. ख्यालीखुशाली संपली.

चौदा वर्षांपूर्वी तू केंद्राची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेलीस. त्यानंतरचं हे तुझं पहिलं पत्र, तेही कॉलेजच्या छापील कागदावर. नाशिकला स्वमग्न मुलांना शिकवणाऱ्यांसाठी वर्तन-विश्लेषणाचा अभ्यासक्रम सुरू होतोय आणि पहिल्या तुकडीपुढे मी ‘या व्यवसायाचा प्रवास आणि भविष्य’ यावर बोलायचं आहे. खाली तुझ्या अक्षरात एक ओळ: ‘ऋतिकाचा आलेख आणालच.’

ही ओळ तू मुद्दाम लिहिलीस की सहज? चार दिवस विचार करतेय, कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं असतं, पण तिथे लिहिलेलं पुसता येतं, आणि मी पुसलं असतं.

प्रवासाबद्दल बोलेन. त्र्याण्णव साली मुलुंडला एक खोली भाड्याने घ्यायला गेले, तेव्हा मालक म्हणाला, “वागणूक शिकवता? मग आमच्या सूनबाईंना आधी बसवा!” तेव्हा परीक्षा नव्हती, परवाना नव्हता. एका परदेशी पुस्तकाची झेरॉक्स आणि मूल एखादी गोष्ट किती वेळा करतं ते मोजायचं मनगटावरचं यंत्र, एवढंच. आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं, तीन रकान्यांत लिहायचं. ज्या मुलांना घरी खाटेला बांधून ठेवत, ती हाताने जेवायला लागली, संडासला जायला शिकली. हे खोटं नाही. कोणी खोटं ठरवायलाही येऊ नये.

भविष्याचं मात्र मला काही समजत नाही. माझ्याकडच्या दोन नव्या मुली टॅबवर नोंदी करतात. मुलाला विचारतात, “आज बसायचं का आपण?” त्याने मान फिरवली की उठून जातात! मी म्हटलं, हे काय शिकवणं झालं? पाच मिनिटांनी ते पोर आपणहून त्यांच्यापाशी येऊन बसलं. हेच करून घ्यायला मला तीन महिने लागायचे. मग मी तीन महिने काय करत होते? शिवाय नव्या नियमांप्रमाणे मला कोणाच्या तरी देखरेखीखाली काम करावं लागेल म्हणे. तुझ्याच, बहुधा.

ऋतिका परवा येऊन गेली. आता तेवीस वर्षांची आहे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, तिथे कायम झाली. चंपा, तिची आई, पेढे घेऊन आली होती. बोलताना चंपा अजून तिच्या डाव्या बाजूलाच उभी राहते. म्हणाली, “तापात उजवा कान गेला बाई, पण बाकी पोर तुम्ही घडवलीत.”

मी पेढा खाल्ला.

आलेख ऑफिसात भिंतीवर आहे. दर वर्षी नव्या पालकांना दाखवते. आणायचा की नाही ते स्पष्ट कळव.

शुभा

अंधेरी (पूर्व)
१५ डिसेंबर २०२४

जान्हवी,

तुझं उत्तर यायच्या आत हे लिहितेय. ते आलं तर मी शब्द बदलेन.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. ऋतिका नऊ वर्षांची होती. अकरा दिवस ती रडत होती आणि डोक्याच्या उजव्या बाजूला हाताने मारून घेत होती. मी ठरवलं, लक्ष वेधण्यासाठी करते, कोणी बघायचं नाही. चंपालाही बजावलं, घरी तोंड फिरवून बस, जवळ घेतलंस तर सगळं फुकट जाईल. तू नोंदीत लिहिलंस, ‘कान दुखत असावा.’ मी लाल पेनाने खोडलं. डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं, आपला तर्क लिहायचा नाही, हा आपला नियम. ‘लक्ष वेधण्यासाठी’ हाही तर्कच होता. तो माझा होता, म्हणून राहिला.

बाराव्या दिवशी रडणं शून्यावर आलं, भिंतीवरच्या आलेखाचा तो शेवटचा ठिपका. मी सगळ्यांना चहा पाजला. कानाचा पडदा फाटून पू वाहून गेला होता, म्हणून दुखायचं थांबलं होतं. ताप त्यानंतर आला. डॉक्टरांनी मला सांगितलं. मी चंपाला सांगितलं नाही. तू किल्ली ठेवून गेलीस.

गुरुवारी मरोळला चंपाच्या घरी गेले. ती वाल सोलत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

“म्हणजे ती रडत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले होते, तेव्हा?”

“हो. मी सांगितलं म्हणून.”

“अकरा दिवस?”

“अकरा.”

तिने ताट बाजूला सारलं. “मग मला काय सांगतेस? कान माझा आहे का? ती आत आहे, तिला सांग.”

इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा ‘तू’ म्हणाली.

ऋतिकाच्या डाव्या बाजूला बसले आणि सांगितलं. ती हात झटकत होती आणि मी मनात मोजत होते. एकतीस वर्षांची सवय, लाज वाटली तरी थांबेना. मग तिने मोबाइल घेतला. ती तोंडाने फार थोडं बोलते, टाइप करते. बराच वेळ लागला.

‘जान्हवी टीचरने विचारलेलं. मी कान धरून दाखवला.’

जान्हवी, म्हणजे तू अंदाज केला नव्हतास. तू विचारलंस आणि तिने दाखवलं. हे तू मला सांगितलं होतंस का? मला आठवत नाही. सांगितलं असशील आणि मी ऐकलं नसेल, तेच खरं असणार. मला मी चांगली ओळखते.

मी तिला विचारलं, “माफ करशील?” तिने टाइप केलं, ‘माहीत नाही,’ आणि पाणी भरायला निघून गेली. चंपाने मला चहा विचारला नाही. दारापर्यंत मात्र आली.

आता तुझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी विचारलं की बाई, तुमचं खरं काय धरायचं, हाताने जेवायला शिकलेली ती मुलं की हा कान, तर मला उत्तर येत नाही. दोन्ही खरं, असं म्हणणं सोपं आहे, पण त्यातून मीच सुटते. उत्तर न येणारी बाई त्यांच्यापुढे उभी केलेली चालणार असेल तर कळव. नसेल तर तसं कळव, मला राग येणार नाही.

एके काळी तुझी बाई होते ती,
शुभा