सहाव्या गॅलरीतला चहा

आप्पा, तुमच्या इमारतीच्या सहाही गॅलऱ्या आज पाहून झाल्या. वैशाख संपत आला आहे, आणि पावसाआधी हे काम उरकायचे हा तुमचाच शिरस्ता. सगळ्या गॅलऱ्या भक्कम आहेत. एवढेच कळवायचे असते तर पत्राची गरज नव्हती. पण तुम्हाला जाऊन आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली, मीही पन्नाशी ओलांडली, आणि सहाव्या गॅलरीबद्दल तुमच्याशी जे बोलायचे राहिले ते एकदा नीट, क्रमाने लिहावे असे वाटते.

बोरी गावची शेती धाकट्या काकांवर सोपवून तुम्ही जुन्नरला ही इमारत बांधलीत. तळमजल्यावर आपण आणि वरच्या तीन मजल्यांवर सहा बिऱ्हाडे, प्रत्येकाला रस्त्याच्या बाजूने एक गॅलरी. भाडेकरू बहुतेक गावाकडचेच, मुलांच्या शाळेसाठी आलेले. त्यांच्याबरोबर त्यांचे घरही यायचे : गॅलरीत बाजरीची पोती, कांद्याचा ढीग, पाण्याचे पिंप, कुरडयांची चादर. दर वैशाखात एका रविवारी तुम्ही सकाळी वर जायचात आणि प्रत्येक बिऱ्हाडात, गॅलरीतच बसून, एकेक कप चहा घ्यायचात. पहिल्या मजल्यावरचे ड्रायव्हर थट्टा करायचे, "आप्पा, सहा कप? पित्त व्हईल राव." तुम्ही म्हणायचात, "न्हाई पिलो तर तुमची गॅलरी मला काय सांगंल?" आणि सगळे हसायचे. मीही हसायचो, पण मनातून मला ते मालकाने फुकटचा पाहुणचार घेण्यासारखे वाटे.

तुम्हाला खुर्ची चालत नसे. खाली बसायचे म्हटले की पोती सरकत, पिंप हलत, कोपरा मोकळा होई. मग तुम्ही शाळेची, पावसाची चौकशी करता करता टाचेने फरशीवर हलकेच ठोकायचात, कधी इथे, कधी तिथे. उठताना कठड्याला धरून सगळा भार त्यावर टाकायचात आणि गुडघ्यांना शिव्या द्यायचात. गुडघे त्या काळात ठणठणीत होते. हे सारे मला कळायला फार उशीर झाला.

मी पुण्याहून बी. कॉम. करून आलो होतो आणि शीतगृहाच्या कार्यालयात नोकरीला लागलो होतो. कोणतीही गोष्ट रकान्यांत बसली की मला बरे वाटे. मी एक जाड नोंदवही आणली, तिच्यात कठडा, तळ, छत, उतार आणि शेरा असे रकाने आखले आणि तुमच्यामागून हिंडू लागलो. कुणी कप पुढे केला की "मला चालत नाही" म्हणून उभ्याउभ्या खुणा करायचो. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तुम्ही जिन्यात थांबलात आणि म्हणालात, "वही घिऊन गेलं की मानूस दार अर्धंच उघडतं. आधी चहा पी. मग लिही काय लिहायचं ते." मला ते लागले. तुम्ही त्या वहीला कधी हातही लावला नाहीत, तेही लागले.

सहावी गॅलरी सगळ्यात वर, चोपन्न पायऱ्यांवर. तिथे पश्चिमेकडच्या डोंगरी गावातली एक बाई नवरा आणि मुलीसह राहत असे. नवरा मार्केट यार्डात काम करी. बाईने गॅलरीत तेलाच्या डब्यात गवती चहा लावला होता, आणि पाहुणा आला की त्याची पात खुडून चहात घालण्याखेरीज तिला दुसरा चहा माहीत नव्हता. त्या गॅलरीचा उतार बाहेर असण्याऐवजी भिंतीकडे होता. पाणी मुरायचे. एकदा तुम्ही मला म्हणाला होतात, "उतार माझ्या डोळ्यांदेखत चुकला. गवंडी म्हणला, फिरवू का? मी म्हणलो, चालंल." तुम्ही स्वतःची चूक सांगितल्याचे मला आठवते ते एवढेच.

मग नव्वदच्या दशकाच्या अखेरचे ते वर्ष. हृदयाचा त्रास झाल्यावर डॉक्टरांनी तुम्हाला जिना बंद केला होता. खाटेवर पडून तुम्ही बजावलेत, "सहा कप पिऊन ये." मी पाच गॅलऱ्या पाहिल्या, दोन ठिकाणी चहाही घेतला. उन्हाने डोके चढले होते. वरची बाई पाण्यासाठी खाली आलेली जिन्यात भेटली. मी विचारले, "गॅलरीला कुठे तडा वगैरे?" ती म्हणाली, "न्हाई न्हाई, समदं ब्येस हाय." मी रस्त्यावरून एकदा वर पाहिले, गिलावा शाबूत दिसला, आणि सहाव्या ओळीत पहिल्या चार रकान्यांवर आडवे 'पाहिली, योग्य' असे लिहून सही केली.

संध्याकाळी तुम्ही विचारलेत, "वरच्या बाईकडं घेतलास चहा?"

"घेतला."

"कसला व्हता?"

"आल्याचा."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि कूस बदललीत.

दुसऱ्या दिवशी कामावरून येतो तर खाट रिकामी. मी चोपन्न पायऱ्या धावत चढलो. तुम्ही गॅलरीत नव्हतात, गॅलरीच्या उंबऱ्याच्या आत बसला होतात. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, हातात कप. तुम्हाला बसायला जागा करताना बाईला तेलाचा तो डबा उचलावा लागला होता, आणि त्याच्याखालून भिंतीच्या कडेने एक तडा आरपार गेलेला दिसत होता. शेजारी मुलीची वळकटी. उन्हाळाभर पोरगी तिथेच अभ्यास करी, तिथेच झोपे. बाई दाराला धरून उभी होती. "पोरीचं दहावीचं वरीस, आप्पा. खोली सोडा म्हणला असता तर कुठं गेलो असतो आमी?"

"खोली कोन सोड म्हणतंय," तुम्ही म्हणालात. "गॅलरी सोडा. पोरीला आपल्या पुढच्या खोलीत बसू दे अभ्यासाला." मग माझ्याकडे न पाहता, "खालून फळी अन् खिळे आण."

मी फळी आणली. तुमच्यासमोर ते दार ठोकून बंद केले. आठवड्याने गवंडी आला. त्याने वरून घण घातला तेव्हा दुसऱ्याच घावाला अर्धी गॅलरी खाली रस्त्यावर गेली. रस्ता आम्ही आधीच अडवला होता. गज हातात घेऊन पाहिले, तर चिरोट्यासारखे पापुद्रे सुटत होते. तुम्ही खिडकीतून पाहत होतात. मला वाटले, आता बोलाल. तुम्ही गवंड्याला एवढेच सांगितलेत, "ह्या येळेला उतार भाईर."

मार्गशीर्षात तुम्ही गेलात. जिन्यामुळे नव्हे, असे डॉक्टरांनी सांगितले. मी दोनदा विचारले होते.

पुढच्या वैशाखात नवीन पान आखण्यासाठी नोंदवही उघडली. गेल्या वर्षीच्या पानावर सहाव्या ओळीत, माझ्या सहीपुढे, शेऱ्याचा रकाना मी कोरा सोडला होता. त्यात पेन्सिलीने, तुमच्या त्या सुट्या सुट्या अक्षरांत दोन शब्द होते : गवती चहा. मी वही मिटली. म्हणजे तुम्ही फरशीचा पोकळ आवाज ऐकायला वर गेला नव्हतात. माझे उत्तर ऐकूनच गेला होतात.

तेव्हापासून वही मी खाली ठेवून जातो. बसतो, चहा घेतो, टाचेने ठोकतो, परत येऊन लिहितो. दरवर्षी वाटते, त्या पेन्सिलीवर शाई फिरवावी, अक्षरे पुसट होत चालली आहेत. फिरवत नाही. 'योग्य' हा शब्दही खोडलेला नाही.

ती बाई अजून तिथेच आहे. मुलगी निरगुडसरला दिली, तिची मुले सुट्टीत त्याच गॅलरीत खेळतात. आजही बाईने पात खुडली, कप माझ्यापुढे ठेवला आणि दरवर्षी म्हणते तेच म्हणाली, "त्या साली तुमीच आप्पांना वर धाडलं, भाऊ. न्हाईतर माजी पोर काय वाचत न्हवती."

आप्पा, मी दरवर्षी खाली पाहून चहा पितो. आजही तेच केले.