देविकाच्या नावाचा तांब्या

८ एप्रिल २०२५, लातूर
आज आलेलं सामान: सिमेंट वीस पोती, पोतं तीनशे साठनं. वाळू अर्धा ब्रास, चार हजार. घडीव काळा दगड एक ट्रक, तो फुकट. नुसतं भाडं साडेचार हजार. दगड मामंजींनी दिला. भूकंपात त्यांचं गावाकडचं घर पडलं, तेव्हापासून तिथंच रचून ठेवलेला. रेणापूरच्या भाड्याच्या खोल्या सोडून कालच इथं आलो. मागची भिंत तेवढी बांधायची बाकी. देवानं ओंजळ भरली. मामंजी अहमदपूरला असतात, फोन ठेवत नाहीत. दगड पोचल्याचं पोस्टकार्ड टाकलं.

११ एप्रिल
करीमचाचा मिस्त्रींनी ओळंबा धरून भिंत छातीइतकी उचलली. दोन वेळा पाणी मारायचं काम माझं. तुळशीला पाणी घालून पहिला तांब्या भिंतीला घातला, देविकाचं नाव घेऊन. सहा वर्षांची लेक. तिच्या नावानं घर थंड राहील. चाचा हसले. म्हणाले, सिमेंटला नाव लागत न्हाई, पाणी लागतंय.

१४ एप्रिल
सकाळी आठ बादल्या घातल्या. दुपारी दगड ठणठणीत कोरडा, बुडाशी चिखलसुद्धा नाही. संध्याकाळी बारा. आठ दिवस पुरणारा टँकर संपला. हे नांदेडला नोकरीवर. फोनवर म्हणाले, उन्हाळा आहे, पाण्याला हात आखडू नकोस. चाचांनी दगडांमधल्या फटीत खिळा घालून पाहिला. आज हसले नाहीत. "ताई, फट पाणी पिते, ते मला ठाव हाय. इथं दगडच पिऊन राहिला."

१७ एप्रिल
देविका पाणी मागत नाही. शाळेतून बाटली भरलेलीच परत येते. ओठ फुटलेत. डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून पुड्या दिल्या. पेला तोंडाशी नेला की म्हणते, मी आत्ताच प्याले, भिंतीपाशी.

२० एप्रिल
शपथ घातली तेव्हा चाचा बोलले. भूकंपानंतर त्या गावात ढिगारे उपसायला ते होते. मामंजींच्या भिंतीखाली त्यांची थोरली मुलगी अडकली होती. दोन दिवस पाणी मागत होती. फटीतून तांब्यानं सोडायचे. तिसऱ्या दिवशी मागणं थांबलं. हे तेव्हा दोन वर्षांचे. मला नणंद होती, हे मिस्त्रीकडून कळावं! मामंजींनी तिचं नाव पुन्हा घरात घेऊ दिलं नाही. चाचांनाही ठाऊक नाही. नाव घेतल्याशिवाय गेलेल्याला पाणी पोचत नाही. बत्तीस वर्षं ती तहानलेली. आणि मी त्या दगडांवर नाव घेतलं ते—

२२ एप्रिल
भिंत पाडा म्हटलं. चाचांनी पहार घातली. आत देविका बरगडी धरून किंचाळली. पहार तिथंच टाकली. यांना फोन केला. बहिणीचं नाव यांना माहीतच नाही—

२४ एप्रिल, दुपार
मामंजी, लेकीला सोडून तिकडं येता येत नाही, म्हणून हे पान फाडून पाठवते. अक्षय्य तृतीयेला सहा दिवस आहेत. पितरांच्या पाण्याचा करा भरून ठेवलाय. पाणी वन्संच्या नावानं सोडलं तर माझी लेक सुटेल. रागवा, पण वन्संचं नाव उलट टपाली कळवा. बाकी काही लिहू नका.

देविका मांडीवर आहे. तोंड मिटलेलं. तरी तिच्याच आवाजात मागच्या भिंतीतून— आई, पाणी—

उठून तांब्या भरलाय. हात थांबत नाही. लवकर कळवा, मला दुसरं नाव येत नाही, तोंडात एकच—