तुपाचं पथ्य

१२ जाने., सोम.
भानुदास टेलरला औषधी तूप सुरू करून आज आठवा दिवस. सकाळी उपाशीपोटी दोन चमचे, वर गरम पाणी, कडकडून भूक लागेपर्यंत दुसरं काही नाही. नगरचे मानसोपचाराचे डॉक्टर गोळ्यांच्या जोडीला तूप द्यायला कसेबसे तयार झाले, तेही माझ्या भरवशावर. आज आईबरोबर माझ्या आयुर्वेदिक दवाखान्यात आला होता. झोप छान लागते म्हणतो. "तुपानं गुण आला," आई म्हणाल्या. मीही फुशारले.

१५ जाने., गुरु., दुपार
सकाळी भानुदासच्या दुकानावरून येत होते. गिऱ्हाइकांचे शिवलेले ब्लाउज उसवत बसलेला. अस्तरात बसून कुणीतरी ऐकतंय म्हणे. मागे आजार असाच सुरू झाला होता. गोळ्यांचं विचारलं तर आई अभिमानाने, "अकरा दिस झालं, एक बी दिली न्हाई. तुमीच म्हन्ला ना, तुपावर दुसरं काय पोटात जाऊ द्यायचं न्हाई. पथ्य म्हंजी पथ्य!"
गोळी चालू ठेवा, हे मी बोलले होते का? आठवत नाही. केसपेपर तीनदा उलटून पाहिला. लिहिलेलं नाही. चूक माझीच.
नगरला फोन लावला, दोनदा मीच कापला. तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "तूप थांबवा. मी सांगतो तेवढी गोळी आज द्या, उद्या त्याला इकडे घेऊन या. तो तुमचंच ऐकेल."

संध्याकाळ
नवा कागद लिहून नेला. पथ्य पहिलं : गोळी चुकवायची नाही. आईंनी तो देवाच्या फळीवर ठेवला आणि लगेच पाणी आणलं. त्या पथ्य मोडणाऱ्यातल्या नाहीत.
भानुदासने गोळी तळहातावर धरली. "ताई, तुमी घेतली असती का?"
"हो," म्हणाले. पण जरा उशिरा. तेवढा उशीर त्याने पाहिला. इतकी वर्षं येईल त्याला सांगत आलेय, जमेल तेवढ्या इंग्रजी गोळ्या कमी करा. ते तोंडावर दिसलं असणार.
मूठ मिटली त्याने. आई म्हणाल्या, "घील तो. तुमी जावा, मॅडम."

१६ जाने., शुक्र., सकाळी पावणेसात
स्टँडच्या बाकावर लिहितेय. नगरची एसटी सातला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घेतली असेल ना? फोन करायचं धाडस...
आले. आई पुढे, हातात पिशवी. भानुदास मागे, मफलर गुंडाळून.
उजवी मूठ मिटलेलीच आहे. थंडीमुळे असेल.