मरावीत म्हणून लावलेली डाळिंबं

मालक, दोन वर्षांपूर्वी एका सकाळी देवपूजा आटोपून मी आपल्या नर्सरीच्या फाटकासमोर, हायवेला लागून असलेल्या काळ्या रानात डाळिंबाची रोपं लावली. जगावीत म्हणून नव्हे, मरावीत म्हणून. तुम्ही असता तर खुर्चीतूनच म्हणाला असता, "गिऱ्हाईक पळवून लावायची लई भारी युक्ती काढलीस की!"

धंदा तुम्हीच शिकवलात. गावच्या शाळेतून सुटून मी तुमच्याकडे कलमं बांधायला आलो, आणि पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला टेम्पोत बसवून मोहोळच्या बाजूला तात्या म्हणून एका शेतकऱ्याकडे नेलंत. तात्यांचं रान रस्त्याकडेला, मुरमाड. बहिणी आसपासच्या गावांत दिलेल्या, दारात सदा पाव्हणे. त्यांच्या अंगणात तुम्ही रोपं फुकट उतरवलीत आणि परतताना मला सांगितलंत, "झाड इकायचं नसतं, माणूस हेरायचा असतो. ह्याच्या बांधावर फळ दिसलं की पाव्हणे आपल्या पायांनी येत्यात." तसे ते आले. आपली माती मुठीत घेऊन दाखवायला कुणीही आलं नाही. त्यांच्या काळ्या रानांत पाणी साचलं, मुळं कुजली, मर रोगाने उभ्या बागा वाळल्या. तुम्ही पानाला चुना लावत म्हणालात, "लोक नशिबाला बोल लावत्यात, नर्सरीला न्हाय." देवापुढे मी तुमच्यासाठीही हात जोडतो, पण हे वाक्य आठवलं की हात सुटतात.

आणि त्या लोकांची तरी कीव का करावी? बियाण्याचा दाणा दाताखाली चावून बघणारी, सोयरीक जुळवताना सगळं गोत विचारून घेणारी ही माणसं बाग लावायची म्हटली की मेव्हण्याच्या बांधाकडे बघतात. आता तर बांधापर्यंतही जावं लागत नाही. तात्यांचा मुलगा ग्रुपवर बागेचा फोटो टाकतो आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते.

त्यातलेच एक, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हरभाऊ, तात्यांचे लांबचे साडू. रान तेवढं एकच, तेही काळं आणि सपाट. एक बाग वाळवून झाली होती. तात्यांनी नवी जात लावली म्हणून पुन्हा दारात. मी म्हणालो, "भाऊ, तुमच्या मातीत डाळिंब टिकणार नाही."

"तात्यांचं कसं टिकलं मग?"

"त्यांचा मुरूम आहे. पाणी थांबत नाही."

"का तात्यांनीच सांगितलंय, ह्याला देऊ नगा म्हणून?"

बघा, मातीपेक्षा तात्यांचं कारस्थान त्यांना खरं वाटलं. शेवटी तोंड वाकडं करून म्हणाले, "मंग तुमच्या काळ्या रानात लावून दावा. मेली तर म्हणंन खरं. तवर तूर पेरतो."

म्हणून लावली. दोन पावसाळे गेले, तिसरा चालू आहे. एकेक झाड पिवळं पडून वाळलं. कडेचं एक तेवढं हिरवं राहिलं. परवा ड्रायव्हरभाऊ दोन पाव्हण्यांना घेऊन आले. वाळलेल्या ओळीवरून त्यांची नजर नुसती घसरत गेली आणि त्या एका झाडापाशी थांबली.

"हे जगलंय की! म्हंजे येतंय काळ्यात."

मी त्यांना झाडाशेजारचा चर दाखवला. त्याला हायवेच्या नाल्याकडे उतार आहे म्हणून ह्या झाडाचं पाणी निघून जातं, तुमच्या सपाट रानातून निघणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी मोबाईल वर धरून फोटो काढला. चर त्यात आलाच नाही. "तात्यांकडं कुटं हाय चर? तुमी रोपं तेवढी तयार ठेवा."

मालक, हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहवतं. तो चर मीच काढला होता. पहिल्याच पावसात त्या रोपाच्या बुडाशी पाणी तुंबलेलं दिसलं आणि मला बघवलं नाही. तुमच्याच हाताखाली शिकलेला चर.

आज सकाळी, पूजेच्या आधी, मी फावडं घेऊन गेलो. झाडाला कळ्या आल्या होत्या. चर बुजवला.