दहावं सायटेशन

सोमवार, ३ जून. सकाळी ७.१०
प्राध्यापकपदाची जाहिरात लागली. शेवटची तारीख २८. अट एकच बोचरी: एच-इंडेक्स किमान दहा. म्हणजे दहा पेपर असे हवेत, की प्रत्येकाचा दाखला कुणी ना कुणी निदान दहा वेळा दिलाय. माझे नऊ पार आहेत. दहावा, 'घरकामाचे तास: साठ कुटुंबांची पाहणी', नऊ सायटेशनांवर अडलाय. त्यातली सहा माझीच; पण आपल्या कामाची कदर आपणच नाही करायची तर कोणी करायची?
एक हवं. जगात आठशे कोटी माणसं आहेत. एकाने एक ओळ लिहायचीय.
याच विभागात टायपिस्ट म्हणून लागलो. निवृत्तीला दोन वर्षं उरली. दारावरच्या पाटीतलं 'सहयोगी' जायचं असेल तर ते आत्ताच.
निश्चय: आकडा दिवसातून एकदाच बघायचा.

बुधवार, ५ जून
समोरच्या टेबलावरचा लोकसंख्यावाला (विभागात त्याला 'टक्केवारी' म्हणतात) याच्याकडे सहज विषय काढला. म्हणाला, "तू माझं एक टाक, मी तुझं टाकतो." असले व्यवहार मला मुळीच पटत नाहीत. हो म्हटलं.
संध्याकाळी कळलं, त्याचा पेपर येणार डिसेंबरात. मी मात्र दुपारीच माझ्या प्रुफात त्याची तीन टाकून बसलो होतो.
आकडा: नऊ. एकदाच बघितला.

सोमवार, १० जून
काखेत कळसा. पीएचडीची विद्यार्थिनी माझ्याच विषयावर काम करते. तिचा लेख एका ऑनलाइन नियतकालिकाने घेतलाय, फक्त गाईडच्या सहीसाठी खोळंबलाय. गाईड मी. लेख माझ्याच ड्रॉवरमध्ये सापडला, तिच्या तिसऱ्या प्रकरणाखाली. प्रकरण फेब्रुवारीपासून आहे. वाचायचंय.
बोलावून सांगितलं, यात माझा साठ कुटुंबांचा पेपर आला पाहिजे. म्हणाली, "आहे ना सर, पान सातवर. तुम्ही वाचलात का?" चाळलाय म्हटलं. "सर, सहीआधी पान सात तेवढं बघा." मुलगी नम्र. स्तुती तोंडावर करायला लाजते. सही ठोकली, वर संपादकांना स्वतः फोन करून म्हटलं, जरा घाई करा.

शुक्रवार, १४ जून
घरी आलो तर विद्यार्थिनी आमच्या स्वयंपाकघरात. आमच्या हिला लेखाची प्रत द्यायला आली होती. गेल्या वर्षी आठवडाभर वही आणि घड्याळ घेऊन हिच्यामागे हिंडत होती, तेव्हापासूनची दोघींची गट्टी. गाईडच्या बायकोची मर्जी राखावी लागते, मी समजू शकतो.
हिने लेख एका बैठकीत वाचून काढला. कसा आहे विचारलं. म्हणाली, "बरोबर आहे." तीस वर्षांत माझ्या एकाही पेपरला हिच्याकडून हा शब्द मिळालेला नाही.
मग म्हणाली, "अहो, दिवसातून किती वेळा बघता तो आकडा?" म्हटलं, एकदा. फार तर दोनदा. हिने फ्रिजवरचा कागद दाखवला. पेन्सिलीच्या रेघा. आजच्या, घरातल्या तेवढ्याच, एकोणतीस. मोजायची ही खोड हिला कुठून लागली कोण जाणे.

बुधवार, १९ जून
पार्टिशन पातळ, माझे कान तिखट. पलीकडे क्लार्क म्हणत होता, "सरांनी नवी पाटी रंगवायला टाकली म्हणे." टक्केवारी म्हणाला, "रंगाला वाळायला वेळ द्या म्हणावं." दोघं बराच वेळ हसले.
मत्सर. दुसरं काय.
छातीत किंचित धडधडतंय. चहा कमी करणे.

सोमवार, २४ जून. दुपारी १२.४०
लेख छापून आला. दहा! इंडेक्स दहा! अर्ज क्लार्कच्या हातात ठेवून पोच घेतली. विभागाला चहा पाजला. विद्यार्थिनीने घेतला नाही. म्हणाली, "सर, पाच मिनिटं बोलायचं होतं. पान सात..." म्हटलं, बघितलं. खरंच बघितलं होतं. माझं नाव होतं, स्पेलिंग बरोबर. बाकीचं इंटरव्ह्यूनंतर.

सोमवार, ८ जुलै
नवा शर्ट. सांगतो जसं झालं तसं, इथे कोण वाचतंय.
समितीत तिघं. अध्यक्षबाई वयस्कर, आवाज मऊ. समोर लेख, पान सात उघडं. त्यांनी वाचून दाखवलं: या पाहणीत स्त्रियांच्या घरकामाचे तास त्यांच्या नवऱ्यांना विचारून नोंदवले आहेत. सरासरी दीड तास. त्याच साठ घरांत घड्याळ लावून मोजले तेव्हा सरासरी नऊ भरली. पद्धत कशी चुकते याचा हा नमुना मानावा.
बाई म्हणाल्या, "यावर गाईड म्हणून सही तुमचीच आहे." हो म्हटलं. "मग बायकांना का नाही विचारलंत?"
खरं तेच सांगितलं. "त्या कामात होत्या."
दोघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं.

शुक्रवार, १२ जुलै
निकाल लागला. मी नाही. रंगाऱ्याचा निरोप आला, पाटी तयार आहे. घेऊन ठेवली, कपाटामागे.
तिसरं प्रकरण वाचायला बसलो. चांगलं आहे. फार चांगलं आहे. मागे साठ घरांचा तक्ता. घर क्रमांक एक आमचं. पाहणीची सुरुवात मी स्वतःपासूनच केली होती. नवऱ्याचं उत्तर: एक तास. घड्याळाचं: सव्वादहा. खाली तळटीप: रविवारी नवरा घरी असल्यास बारा.
हिला विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, "बोलले होते. तुम्ही फॉर्म भरत होतात."
प्रकरणावर सही केली. विद्यार्थिनीला फोन करून तसं सांगितलं.
पेपरची सायटेशनं आता चौदा. नवी सगळी पान सातवरूनच आलेली.
आकडा आज एकदाच बघितला, असं इथे लिहिणार होतो. मग हिला विचारलं. पोळपाट धूत होती, मान वर न करता म्हणाली, "सतरा."
सतरा वेळा बघितला.