आमची कुठेही शाखा नाही

प्रिय भूमिका,

गल्लीच्या त्या बाजूला तू, या बाजूला मी, मधून जेमतेम एक हातगाडी जाते, आणि तरी मी तुला पत्र लिहायला बसलेय. हसू नकोस. फोन करावा तर तुझे पप्पा विचारतात कुणाचा, मेसेज करावा तर तुझा काका माझ्या खांद्यावरून डोकावतो. आजीची आमच्याकडची पाळी संपत आलीय, सोमवारी ती तुमच्याकडे येईल. तिच्या पिशवीत, हिरव्या लुगड्याच्या घडीत हे ठेवतेय. तुझ्याच हातात द्यायचं, असं तिला बजावलंय.

मी फार थकलेय ग. कढईसमोर उभं राहून येतो तो थकवा नव्हे, तो झोपलं की उतरतो. मला नावांचा थकवा आलाय, आणि ही गोष्ट अख्ख्या लोधीपुऱ्यात तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही. तुझ्या दहावीच्या सुट्टीत आपण दोघींनी मिळून पहिली वेबसाइट केली होती. तेव्हा दुकान एकच होतं. तू टाइप करत होतीस, मी मागून चुका काढत होते. आजीच्या नावाचं सरुबाई डॉट कॉम आपल्याला मिळालं तेव्हा आजीने कॉम्प्युटरला कुंकू लावलं आणि तुझ्या पप्पांनी सगळ्यांना मावा जिलबी खाऊ घातली. इच्छापूरच्या यात्रेत कागदाच्या पुड्यांतून केळीचे वेफर्स विकणारी आपली आजी आता जगभर दिसणार, असं ते येईल त्याला सांगत होते. मला तो दिवस अजून जसाच्या तसा दिसतो.

मग पप्पा आणि काका, दोघे भाऊ वेगळे झाले. कढया वाटल्या, किसण्या वाटल्या, आजीचे महिनेसुद्धा वाटून घेतले. नाव तेवढं वाटता येईना. डॉट कॉम तुझ्या काकाकडे राहिलं, म्हणून पप्पांनी तुला डॉट इन घ्यायला लावलं. त्यावर काकाने मला डॉट शॉप घ्यायला लावलं. तुमचं डॉट स्टोअर आलं, आमचं डॉट ऑनलाइन. आपल्या लिपीत डॉट भारत मिळतं हे कळल्यावर दोन्ही घरांत अशी धांदल उडाली की माझा कढईतला एक घाणा करपला. ते तुला मिळालं. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. पण काका त्या दिवशी जेवला नाही, आणि तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी मला विचारतो, नवीन काही निघालं का? तुझ्याकडेही हेच चालत असणार. ज्या पोरीला मी माऊस धरायला शिकवला, तिच्यावरच दिवसभर नजर ठेवायची, हे काय काम झालं?

आणि पाट्या बघ आपल्या. दोन्ही दुकानांवर ‘असली सरुबाई’, दोन्हींवर आजीचा तोच फोटो, आणि दोन्हींच्या खाली ‘आमची कुठेही शाखा नाही’. एकाच लोटू पेंटरने एकाच डब्यातल्या रंगाने रंगवल्यात. आपण दोघींनी तरी काय वेगळं केलं? प्रत्येक नव्या साइटच्या तळाशी इमानेइतबारे हेच वाक्य टाकलं. इतक्या ठिकाणी आमची शाखा नाही असं सांगणारं दुसरं घर शोधून सापडणार नाही.

दोन महिन्यांपूर्वी खंडव्याचा तो माणूस आला होता, तू दुकानात नव्हतीस. ऑर्डर दिली होती आमच्या साइटवर आणि माल मागायला गेला तुमच्या दुकानात. पप्पा म्हणाले, ती साइट नकली. काका इकडून धावत गेला. दोघे भाऊ भर गल्लीत एकमेकांना नकली म्हणत होते. आजी आमच्या ओट्यावर बसली होती. त्या माणसाने तिला फोटोवरून ओळखलं, पाया पडला आणि बिचाऱ्याने सरळ विचारलं, अम्माजी, आपकी दुकान कौन सी है? आजीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि म्हणाली, इस महीने ये वाली. लोक हसले. मलाही हसू आलं, मग आत जाऊन मी रडले.

त्या दुपारी तिने मला बसवलं आणि सगळी नावं वाचून दाखवायला लावली. मी वाचत गेले. डॉटनंतरच्या या शेवटच्या तुकड्यांना ती शेपूट म्हणते. सगळी शेपटं ऐकून म्हणाली, ‘माह्यं नाव इतक्या ठिकानी नेलं, मले तर कोनी इचारलंबी नाही. मले दोनच घरं हायेत माय, तेच आता जड जातात.’ मी कॉम्प्युटर बंद केला.

तुला ठाऊकच असेल, यंदा नव्या शेपटांसाठी जगभरातून अर्ज मागवलेत. वर्षा-दोन वर्षांत ती बाजारात येतील. काकाने कुठेतरी वाचलं की आता स्वतःच्या नावाचंही शेपूट मागता येतं, आणि डॉट सरुबाई मागायचं म्हणून हटून बसला. त्याची फी ऐकल्यावर तांब्याभर पाणी प्यायला. पण बाकीची येतील तशी घ्यायचीच म्हणाला, नाहीतर भाऊ घेईल. पलीकडे तुझे पप्पाही हेच म्हणत होते, एवढंच की ते तुला म्हणत होते. आजीने मला सांगितलंय सगळं. तुला पुण्याच्या कंपनीचं नोकरीचं पत्र आलं, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, आणि पप्पा म्हणाले, तू गेलीस तर तुझा विपुलकाका एका दिवसात सगळी नावं उचलेल, राखायला कोण आहे? आणि तू नकार कळवायचं ठरवलंस. मला राग आला ग. पप्पांचा आला, काकाचा आला, तुझा तर सगळ्यात जास्त आला.

म्हणून लिहितेय. डॉट कॉम मी पप्पांच्या खात्यावर वळतं केलंय. मंजुरीची मेल तुझ्याकडे येईल, तेवढी मंजूर कर. डॉट शॉप आम्ही पोटापुरतं ठेवतो. बाकीच्यांची मुदत संपली की मी ती सोडून देणार आहे, नवीन एकही घेणार नाही. पप्पांना सांग, आता राखायला काही उरलेलं नाही, पलीकडून कुणी येत नाही. काकाला मी तोंडावर सांगितलं. खूप बोलला, भांडी आपटली, मग बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसून तुमच्या पाटीकडे बघत राहिला. यात्रेत तुला खांद्यावर घेऊन हिंडायचा तो, तू विसरलीस तरी तो विसरलेला नाही. आत आला आणि एवढंच म्हणाला, ‘पोरगी जाईल ना मग?’ तेव्हा जा बाई. आजीला मी सांगून टाकलंय की तू पुण्याला जाणार. एक महिना पप्पांकडे, एक आमच्याकडे, आणि तू खोली घेतलीस की तिसरा तुझ्याकडे, असं तिने परस्पर ठरवूनही टाकलंय. तिथे तिला दुकान कोणतं म्हणून कुणी विचारणार नाही.

तुझीच,
मोनालीकाकू