खिशात काय सापडलं, तेही लिहावं

प्रिय ताईस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुझा गुडघा, भाऊजींचा रक्तदाब आणि तुम्हा दोघांचा अबोला (चालू असल्यास) यांची प्रकृती बरी असावी. मी ठणठणीत आहे. दात सगळे माझेच आहेत, तेव्हा या पत्रात जे चावेल ते अस्सल समजावं.

तुझं पत्र पोचलं. "तुझ्या जीभेनं माझ्या पोरीचा धंदा खाल्ला" हे वाक्य मी दोनदा वाचलं, एकदा रागानं आणि एकदा शुद्धलेखनासाठी. (जिभेतला 'जि' ऱ्हस्व. कॉन्व्हेंटात मातृभाषा आठवड्यातून दोनच तास होती हे कबूल, पण मीही तिथेच शिकले.) त्याखाली तू ठकीला फर्मान सोडलं आहेस: महिनाअखेर घरी ये आणि भाऊजींच्या मित्राच्या विमा कचेरीत टेबल धर. ते वाचल्यापासून तुझी लेक माझ्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तीन दिवस झाले. म्हणून आधी खरं काय घडलं ते वाच, फर्मान मागाहून काढ.

'दुसरी खेप' माझ्या बाहेरच्या खोलीत सुरू झाली. लोकांच्या कपाटात न वापरलेले कपडे कोंबलेले असतात, त्यांनी ते फोटो काढून ठकीच्या साइटवर एकमेकांना विकावेत आणि मधला वाटा ठकीला मिळावा, अशी कल्पना. वाईट नव्हती. फक्त माझं जेवणाचं टेबल फोटोंसाठी गेलं, आणि खिडकीत एक बिनडोक्याची प्लॅस्टिकची बाई उभी राहिली, जिला आमचा पोस्टमन महिनाभर मान लववत होता. (मला त्यानं अकरा वर्षांत एकदा लववली आहे. तीही बूट शोधताना.)

माझं आणि ठकीचं पहिलं वाजलं ते वर्णनांवरून. विटका शर्ट असला की ती लिहायची, 'प्रेमानं जपलेला'. एकच बटण उरलेला कोट म्हणजे 'साधेपणाची नवी व्याख्या'. ताई, मी चौतीस वर्षं नोंदणी कचेरीत मृत्यूचे दाखले लिहिले. तिथे 'प्रेमानं जपलेला मृत' असं लिहिण्याची सोय नव्हती. त्याआधी कॉन्व्हेंटात हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या कपाटाची किल्ली तीन वर्षं माझ्याकडे होती. मदरचा नियम तुला पाठ असेल. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची, वस्तू काय, अवस्था काय, आणि खिशात काय सापडलं. लाज वाटेल ते आधी लिहायचं. (तुझा हिरवा कोट त्याच कपाटातून गेला, हे तू बावन्न वर्षं मला ऐकवते आहेस. आत्ता त्यात शिरू नकोस.)

मग ठकी तापानं आडवी झाली आणि तीस कपड्यांची वर्णनं माझ्यावर आली. मी लिहिली, जशी येतात तशी. 'राखाडी स्वेटर. काखेत वास आहे. दोनदा धुतला, वास हलायला तयार नाही.' 'पुरुषाची पँट. कंबर तीनदा उसवून वाढवली आहे. आता कापड संपलं, इथून पुढे जेवण कमी करावं.' 'पिवळा झगा, एकदाच घातलेला. समारंभ फसला असावा, डाव्या बाहीला काजळ पुसलं आहे. खिशात अर्धं खाल्लेलं चॉकलेट.'

संध्याकाळपर्यंत तीसच्या तीस विकले गेले. ठकीचा ताप उतरला. लोक मागायला लागले, आम्हाला 'मावशीछाप'च पाहिजे. माझ्या चिठ्ठ्या खऱ्या कागदावर लिहून कपड्याला टाचून जाऊ लागल्या. वर्षभरात काचेच्या भिंतींची कचेरी झाली, बसायला खुर्च्यांऐवजी भुसा भरलेली पोती आली (त्यातून मला उठवायला दोघी लागत) आणि एक भांडवलवाला आला. वय पन्नास, जॅकेट पंचविशीतलं, आणि मला 'आंटी' म्हणायचा.

आता ऱ्हासाकडे वळू. लोकांना कपडे नकोच होते, त्यांना चिठ्ठ्या हव्या होत्या. कपडा घ्यायचा, चारचौघांत चिठ्ठी वाचून हशा मिळवायचा आणि आठवड्यात कपडा परत. तो पिवळा झगा सात वेळा गेला आणि सात वेळा आला. दर खेपेला त्यावर नवा डाग, आणि दर डागाला माझी नवी ओळ. शेवटी त्याची चिठ्ठी झग्याहून लांब झाली. कुरिअरवाला म्हणाला, "मावशी, याला आता मी ओळखतो, एकटा सोडला तरी येईल परत." दोन्ही खेपांचं भाडं ठकी भरत होती, कारण 'परतीची हमी' हे भांडवलवाल्याचं डोकं. तेव्हा कोणी कोणाचा धंदा खाल्ला ते बघ.

तरीही तगलो असतो. पण भांडवलवाल्यानं जाहिरातीसाठी स्वतःचं जॅकेट विक्रीला दिलं आणि म्हणाला, "आंटी, नेहमीसारखं लिहा हं, अजिबात सोडू नका." मी सोडलं नाही. 'जॅकेट, निळं. श्वास न घेतल्यास बटण लागतं. खिशात सिनेमाची दोन तिकिटं, दुपारच्या खेळाची, शेजारशेजारच्या खुर्च्यांची, तारीख सोळा.' सोळा तारखेला दुपारी तो सासूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्याबाहेर बसला होता, असं त्याच्या बायकोला माहीत होतं. मला काय माहीत? मला मदरचा नियम माहीत. आठवड्यात भांडवल गेलं, मग काचा गेल्या, मग पोती. उरलेले कपडे माझ्या घरी आले आहेत. मी सध्या अंघोळ सत्तावीस ओव्हरकोटांच्या देखत करते.

ठकी मला एका शब्दानं बोलली नाही. काल रात्री फक्त एवढंच म्हणाली, "मावशी, तू खोटं लिहिलं असतंस तर मला आवडलं नसतं." आणि पुन्हा भिंतीकडे वळली. तुझी पोर आहे, पण हे वाक्य माझ्या वळणाचं आहे.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
धाकटी

ता. क. ठकीला पुन्हा सुरू करायचं आहे. लहान प्रमाणात, परतीची हमी न देता. कपड्यांना जागा हवी. तुमच्या माडीवरच्या खोलीत भाऊजींची व्यायामाची सायकल टॉवेल वाळवण्याचं काम करते, ते काम दोरीही करेल. त्या खोलीची किल्ली ठकीच्या नावानं पाठव, आणि विमा कचेरीचं नाव काढू नकोस.

ता. क. २. नाही म्हणण्याआधी हे वाच. कपड्यांना जागा करायला माझी जुनी पेटी उपसली, तर तळाशी तुझा हिरवा कोट. तो गेला नव्हता. मी लपवला होता. कपाटात आला तेव्हा नियमाप्रमाणे खिसा तपासला, तर आत चार पानांचं पत्र होतं. चिठ्ठी लिहिली असती तर ते मदरच्या टेबलावर गेलं असतं आणि तू शाळेबाहेर. तू हिवाळाभर कुडकुडलीस, आणि मी बावन्न वर्षं बोलणी खाल्ली. अक्षर भाऊजींचं नव्हतं. 'तुमच्याआधी मान वर करून कुणाकडे पाहिलं नाही' हे तू त्यांना दर वाढदिवसाला सांगतेस, म्हणून नोंदवलं.

ता. क. ३. कोट सोबत पाठवते आहे. चिठ्ठी टाचली आहे: 'हिरवा कोट, शाळकरी. कॉलर शाबूत. हरवलेला नाही. खिसा रिकामा.' माझ्या हातानं लिहिलेलं हे पहिलं खोटं. ठकीला दाखवू नकोस.

ता. क. ४. पत्र अर्थात माझ्याकडेच आहे. किल्ली उलट टपाली.